फुलीचं उट्टं

आमच्या कंपनीत लाल फुली म्हणजे भंगार. चाकणला आमच्याकडे गाड्यांच्या दरवाज्यांचे पत्रे प्रेसखाली दाबून निघतात आणि माझ्या टेबलावर येतात. चरा, पोचा, फाटलेली कड, काहीही दिसलं की मी खिशातला लाल मार्कर काढतो आणि पत्र्यावर फुली मारतो. तिच्यावर अपील नाही. पत्रा लाल पेटीत जातो, प्रेसवाला मनातल्या मनात माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि दिवस पुढे सरकतो. अर्धं आयुष्य मी दुसऱ्यांच्या कामावर फुल्या मारण्यात घालवलं. त्यामुळे तीच फुली जेव्हा माझ्या बायकोच्या तोंडावर दिसली, तेव्हा माझं काय झालं असेल ते इतरांना कळायला जरा जड जाईल.

ती मारली होती माझ्या साडूनं. धाकट्या मेहुणीचा नवरा. वाकडला उंच इमारतीत राहतो, आयटीत आहे आणि त्याच्याकडे बाळाच्या दुपट्यात गुंडाळून ठेवावा असा एक मोठा कॅमेरा आहे. त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. स्वतः पूजेला बसलेला, म्हणून मला म्हणाला, "दादा, तुमच्या मोबाइलवर चार फोटो काढा ना."

मी चारावर थांबणारा माणूस नाही. भरपूर काढले आणि सगळे त्याला पाठवले. त्यानं अंगठा दाखवला. मला वाटलं, आवडले.

पुढे काही दिवसांनी फॅमिली ग्रुपवर त्यानं लिंक टाकली. हौशी लोकांना मराठीतून फोटोग्राफी शिकवणारं चॅनल त्यानं सुरू केलं होतं. पहिल्याच व्हिडिओचा विषय होता, 'घरगुती समारंभातले फोटो : नेहमीच्या चुका'. रविवारची सकाळ होती, समोर पोहे होते, आम्ही दोघं कौतुकानं बघायला बसलो.

"मित्रांनो, हा फोटो बघा," साडूचा आवाज. "फोटोग्राफरनं गुरुजींचं डोकंच कापलंय." टुंग असा आवाज आणि लाल फुली. "इथे खिडकीतला उजेड इतका उडालाय की यजमान काळेठिक्कर." टुंग. "आणि हा बघा. हा तर खास आहे."

खास म्हणजे माझी बायको. पुरणपोळी वाढताना. डोळे अर्धे मिटलेले, तोंड अर्धं उघडं, आणि मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचे दोन काटे तिच्या अंबाड्यातून शिंगांसारखे वर आलेले. टुंग. कपाळापासून हनुवटीपर्यंत फुली.

चुकांचे सगळेच्या सगळे नमुने माझे होते. त्याला बाहेरून काही मागवावंच लागलं नव्हतं.

बायकोनं पोह्यांची बशी खाली ठेवली. "ही मी आहे?"

"अगं, तो उदाहरण म्हणून..."

"मी उदाहरण आहे?"

"मी सांगतो त्याला काढून टाकायला."

"अजिबात नाही. तुम्ही विनंती करणार, तो हसणार, आणि 'ताई, मनाला लावून घेऊ नका हं' म्हणून मलाच समजावणार. त्यानं आपणहून काढली पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि फुली मारलीय ती तुमच्या हातावर. तोंड तेवढं माझं वापरलंय. ती निघेपर्यंत माझ्यावर मोबाइल रोखायचा नाही."

हे तिनं पाळलं. मी फोन उचलला की ती पाठ फिरवायची. त्या वर्षीच्या दिवाळीच्या आमच्या घरच्या फोटोत मी आहे, मुलगी आहे, फराळाचं ताट आहे आणि एक अंबाडा आहे.

मी डूख धरला. हा शब्द सापाबद्दल वापरतात याची मला कल्पना आहे, पण माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसालाही तो धरता येतो. त्याला फक्त वेळ लागतो. माझं ठरलं. त्याची विद्या शिकायची आणि त्याच विद्येनं त्याला लोळवायचं.

मुलीनं कॉलेजात असताना हौसेनं घेतलेला एक छोटा कॅमेरा कपाटात पडून होता. तो काढला. वर्ग भरला आमच्या कंपनीच्या बसमध्ये. थेरगावहून चाकणला जाताना मोशीच्या पुढे बस जी अडकते, तेवढ्यात माणूस कुठलीही पदवी घेऊ शकेल. शेजारच्या सीटवर लातूरकडचा एक सहकारी असतो. तो रोज माझ्या मोबाइलमध्ये मान घालायचा.

"काय बघायलाव राव एवढं?"

"फोटोग्राफी शिकतोय."

"ह्या वयात? कशाला?"

"साडूचा सूड घ्यायचाय."

"मग बघा, बघा," तो सरसावून बसला. "मला वाटलं, उगं टाइमपास चालू हाय."

आधी कॅमेऱ्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं. त्यातली निम्मी पानं कॅमेरा पाण्यात टाकू नये, तापवू नये आणि मुलांना त्याचा पट्टा गळ्याभोवती गुंडाळू देऊ नये, हे सांगण्यात खर्ची पडली होती. उरलेली निम्मी वाचल्यावर वाटलं, पाण्यात टाकलेला बरा. मग एक अमेरिकन गुरू केला. तो म्हणे, सोनेरी उजेडाच्या वेळी डोंगरमाथ्यावर पोचलेलं असावं. माझ्या सोनेरी उजेडाच्या वेळी मी चाकणच्या चौकात दोन कंटेनरच्या मधे असतो. एका फुकटच्या ऑनलाइन कोर्सनं गृहपाठ दिला, जवळच्या जलाशयाचा शांत फोटो काढून आणा. मी पवनेच्या घाटावर गेलो. पाणी कुठे दिसेना, काठापासून काठापर्यंत जलपर्णी. हिरवळीवर एक माणूस टायर धूत बसलेला. फोटोखाली परीक्षकानं लिहिलं, 'मैदान छान आहे.' नवशिक्यांच्या एका मंचावर मी आमच्या पार्किंगमधल्या स्कूटरचा फोटो टाकला. कुणीतरी विचारलं, यात विषय काय आहे? मी लिहिलं, स्कूटर. त्यानं विचारलं, पण का? 

आणि या सगळ्यात मला जे खरं समजलं, ते साडूच्या चॅनलवर समजलं. हे लिहिताना बोटं जड होतात. पण तो आपल्या भाषेत सांगायचा, उदाहरणं आपल्या घरातली द्यायचा, मांडवातला पिवळा उजेड, ट्यूबलाइटखालचा हळदी समारंभ. दुश्मनाचं चांगलं निघालं की फार जिवावर येतं. मी त्याचे व्हिडिओ दोन-दोनदा बघायचो, म्हणजे त्याची प्रेक्षकसंख्या वाढवण्याचं कामही मीच करत होतो.

एका सकाळी तो चुकला. म्हणाला, "आयएसओ वाढवला की कॅमेऱ्यात जास्त उजेड शिरतो." मी सीटवर ताठ झालो. उजेड शिरतो तो भिंगाच्या छिद्रातून आणि शटर उघडं असेल तेवढा वेळ. आयएसओ नुसता आत आलेल्या उजेडाला फुगवतो. हे मी अमेरिकन गुरूकडून आणि दोन मंचांवरून घासूनपुसून घेतलं होतं. पत्र्यावर चरा सापडल्यावर होतो तसा आनंद झाला. मी एक खोटं खातं उघडलं, गुलाबाच्या फुलाचं चित्र लावलं आणि खाली लिहिलं, आमच्या कंपनीतल्या रीतीनं : दोष काय, कुठे, कशामुळे, सुधारणा काय.

खात्याचं नाव सांगत नाही. ते अजून चालू आहे.

संध्याकाळच्या बसपर्यंत त्याचं उत्तर आलं. 'मनापासून धन्यवाद सर. पुढच्या भागात दुरुस्ती करतो.'

सर! आमच्या बसमध्ये मला 'काका, सरका' एवढंच म्हणतात.

तिथून मी त्याच्या प्रत्येक व्हिडिओची मालाच्या लॉटसारखी तपासणी सुरू केली. क्षितिज तिरकं आहे. माइकमध्ये पंख्याचा आवाज येतो. मागच्या भागात एक सांगितलंत, या भागात उलट सांगताय. प्रत्येक वेळी त्याचं नम्र उत्तर. एकदा ठरवलं की मुद्दाम चुकीचा सल्ला द्यायचा, लग्नाच्या हॉलमध्ये तोंडघशी पडू दे. टाइप केलं, आणि पाठवायचं बटण दाबवेना. आयुष्यभर खोटा शेरा कधी मारला नाही, हात तयारच होईना. पुसून टाकलं आणि खरं तेच लिहिलं. शेजारचा म्हणाला, "भावा, तू सूड घ्यायलास का फुकट शिकवणी?"

पण परिणाम होत होता. एका रविवारी साडू सहकुटुंब जेवायला आला तेव्हा जेवणाकडे लक्षच नव्हतं.

"दादा, माझ्या चॅनलवर एक माणूस येतो. भयंकर जाणकार. काही सुटत नाही त्याच्या नजरेतून. व्हिडिओ टाकायला हात धजत नाही हल्ली."

"असेल कुणीतरी रिकामटेकडा," मी त्याच्या पानात आमटी वाढत म्हणालो.

"छे! खूप मोठा माणूस असणार. भाषाच बघा ना त्यांची. तुम्हाला नाही कळणार त्यातलं."

'नाही कळणार' हे शब्द मी जपून ठेवले. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. पण तिनं मला आमटीचा दुसरा डाव इतक्या प्रेमानं वाढताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मग साडूनं सरांना विनंती केली, तुमचं एखादं काम पाहायला मिळेल का? त्याच्या प्रेक्षकांचा एक ग्रुप होता, तिथे फोटो टाकता यायचा. आता आली पंचाईत. दोष दाखवणं निराळं आणि माल काढणं निराळं.

शेवटी मी मला जे येत होतं तेच केलं. आमच्या तपासणीच्या टेबलावर दोषांचे फोटो कसे काढायचे त्याचा एक जुना फलक आहे. फ्लॅश बंद. खाली करडं कापड. उजेड बाजूनं, तिरपा, म्हणजे बारीकसा चराही सावली टाकून उठून दिसतो. मी एक पेरू आणला, कापला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझ्या जुन्या करड्या पँटवर ठेवला आणि काढला. पेरूची एकूण एक बी मोजता यावी असा फोटो आला. मी खूश होऊन पाठवून दिला.

पाठवल्यावर दिसलं, पेरूशेजारी माझी सहा इंची स्टीलची पट्टी पडलेली. फलकावरचा शेवटचा नियम : शेजारी पट्टी ठेवल्याशिवाय दोषाचा फोटो ग्राह्य नाही, किती मोठा पोचा ते कसं कळणार? पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात असते. हातानं ती आपोआप ठेवली होती. टोकाला आमच्या विभागाचा पिवळ्या रंगाचा ठिपकासुद्धा स्वच्छ दिसत होता. तपासून ठीक आहे, अशी खूण.

मी हसं होण्याची वाट बघत बसलो. चार दिवसांनी साडूनं त्या एका फोटोवर अख्खा व्हिडिओ काढला. 'सरांनी निसर्गाशेजारी पट्टी ठेवली आहे. माणूस सृष्टीला मोजू पाहतो, आणि ती मोजता येत नाही. आणि मित्रांनो, टोकाचा हा पिवळा ठिपका बघा. तो सूर्य आहे.' बसमध्ये मी इतका हसलो की शेजारच्यानं पाण्याची बाटली पुढे केली.

आणि तरीही फुली जागच्या जागी होती. तो पहिला व्हिडिओ सरांच्या कृपेनं चॅनल वाढल्यामुळे जास्तच लोक बघत होते. आमच्या सोसायटीतल्या एका बाईनं बायकोला लिफ्टमध्ये विचारलं, "त्या शिंगवाल्या फोटोत तुम्हीच ना?" त्या दिवशी घरात भांडी जरा जोरात घासली गेली. सर म्हणून एक शब्द टाकला असता तर साडूनं व्हिडिओ काढला असता. पण ते आपणहून झालं नसतं. बायकोची अट होती, आणि तिच्या अटींवरही अपील नाही.

मग चऱ्होलीला सासऱ्यांची पंच्याहत्तरी आली. आजूबाजूला टॉवर उठलेत, पण सासरे अजून अंगणात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकत बसतात. पाहुणे जमले. साडू गळ्यात कॅमेरा, खांद्यावर दुसरं भिंग, अशा थाटात फिरत होता आणि दोनचार पोरासोरांना धडे देत होता.

"एक सर आहेत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता. "त्यांनी मला घडवलं. अशा माणसाच्या पायाशी बसून शिकायला मिळालं पाहिजे. नाहीतर आमचे दादा! चला दादा, तुम्ही पण काढा. मला पुढच्या भागाला चुका लागतील."

सगळे हसले. मीही हसलो. 

औक्षणाचं ताट तयार झालं. पंच्याहत्तर दिवे, मधे सुपारी, अक्षता. ते दाराजवळ स्टुलावर ठेवलं होतं आणि दारातून येणारा दुपारचा उजेड तिरपा, अगदी फलकावर लिहिल्यासारखा, त्यावर पडला होता. मला राहवेना. मी वाकलो, मुलीचा छोटा कॅमेरा लावला, आणि मग माझ्या हातानं जे करायचं तेच केलं.

सासरे खुर्चीतून बघत होते. "जावईबापू, ही पट्टी कशापायी ठिवली? आमाला मोजून घेताय व्हय?"

पुन्हा हशा. साडू पलीकडून हसत हसत आला, ओठांवर काहीतरी टोमणा तयार. "काय दादा, कंपनी घरी..."

आणि त्याला पिवळा ठिपका दिसला.

त्याची नजर ठिपक्यावरून पट्टीवर, पट्टीवरून माझ्या खिशावर, खिशावरून माझ्या तोंडावर आली. तोंड उघडं राहिलं, एक भुवई वर, एक खाली. तो नेमका दारात उभा होता. तोच तिरपा उजेड त्याच्या गालावर. कॅमेरा माझ्या हातात होता. मी तो वर उचलला आणि बटण दाबलं.

"सर?" तो म्हणाला. मलाच ऐकू येईल इतकं हळू.

"बोला," मी म्हणालो.

  आत्ताच तो दहा माणसांसमोर सरांच्या पायाशी बसायचं म्हणाला होता. मी कॅमेरा खाली घेतला. "दिवे विझतील. आधी मोठा फोटो काढा तुम्ही."

त्यानं सगळ्या कुटुंबाचा मोठा फोटो काढला. संध्याकाळी तो ग्रुपवर आला तेव्हा सासऱ्यांना दोन नाकं होती. दुसऱ्या सकाळी बसमधून मी सर म्हणून कळवलं : दोष, हललेला फोटो. कारण, शटरचा वेग कमी. सुधारणा, मन स्थिर ठेवणे.

उत्तरात नुसते जोडलेले दोन हात आले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाहिलं तर 'नेहमीच्या चुका' चॅनलवरून गायब.

घरी आल्या आल्या बायकोला दाखवलं. तिनं खालीवर सरकवून खात्री करून घेतली.

"आपणहून काढला?"

"आपणहून."

"तुम्ही काही बोललात?"

"शटरच्या वेगाबद्दल बोललो."

मग मी तिला सगळं सांगितलं, आयएसओपासून पेरूपर्यंत. ती पदर तोंडाला लावून हसत बसली. हसणं संपल्यावर म्हणाली, "पण माझी फुली इतके दिवस राहिली, आणि त्याचं एका दिवसात निभावलं? हे काही बरोबर नाही." माझी बायको माझ्याहून न्यायी आहे. त्याचा तो दारातला फोटो आम्ही डांगे चौकात मोठा करून घेतला, चौकट लावली आणि आमच्या हॉलमध्ये, बरोबर दारासमोर, चपलांच्या कपाटावर टांगला.

संक्रांतीला साडू तिळगूळ घेऊन आला. दार उघडताच समोर स्वतःच. गालावरचं प्रत्येक छिद्र, दाढीचा सुटलेला प्रत्येक केस, उघड्या तोंडातली चांदी भरलेली दाढ. शेजारी उभी असलेली मेहुणी म्हणाली, "अय्या, आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा हे इतके स्पष्ट दिसत नाहीत!"

"दादा," साडू घसा खाकरून म्हणाला, "हा काढा ना."

"चूक दाखवा, काढतो."

तो बराच वेळ फोटोसमोर उभा राहिला. जवळ गेला, लांब गेला, मान कलती करून चौकटीच्या कडा पाहिल्या. खरंच शोधत होता. एवढं श्रेय त्याला देईन, खोटी चूक त्यानं काढली नाही.

"फोकस डोळ्यावर आहे," तो म्हणाला.

"आहे."

"नाकावरचा उजेडही उडाला नाहीये."

"नाही उडाला."

"फोटो बरोबर आहे," असं म्हणून त्यानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोलायचं त्याला सुचलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. त्या वर्षीचा तिळगूळ मी फार सावकाश खाल्ला. फोटो अजून तिथेच आहे.

ती मंडळी गेल्यावर बायको खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. केस सारखे केले, साडीच्या निऱ्या नीट केल्या. "हं. आता माझा काढा. ती पट्टी खिशातच राहू द्या."

मी पट्टी खिशात ठेवली. मागच्या भिंतीवर घड्याळ नाही याची खात्री करून घेतली. उजेड बाजूनं तिरपा येत होता, मला येतो तसा. फोटो काढला आणि मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरला.

तिनं चष्मा लावून बघितला. "अहो, प्रत्येक सुरकुती मोजून घेतलीत की. मी काय पत्रा आहे?" आणि बोटानं त्या चित्रावर हवेतल्या हवेत भली मोठी फुली मारली.

"पुन्हा."

मी उठलो आणि पडदा अर्धा ओढून घेतला.